पार्वतीबायचा पिवळा चौकोन

सोमवारी सकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांनी साजिदा आपल्या केबिनमधला संगणक सुरू करायची आणि आठच्या आत भिवंडीजवळच्या वडप्याच्या त्या लांबलचक गोदामातल्या बेचाळीस माणसांचा आठवडा रंगवून मोकळी व्हायची.

मुख्य ऑफिसातून शनिवारी दुपारी येणारा ड्युटीचा तक्ता अगदी पांढरा असे. डावीकडे नावं, वर वार, आणि प्रत्येक चौकोनात त्या दिवशी कुणी कुठल्या टेबलावर उभं राहायचं त्याचा नंबर. ज्या कुणी तो बनवला असेल त्याने हे गोदाम कधी पाहिलेलं नव्हतं. पॅकिंगला येणाऱ्या बायांपैकी काहींना मराठी वाचता येई, काहींना फक्त उर्दू, बिहारकडच्या दोघी हिंदी वाचत, आणि सात-आठ जणींना काहीच वाचता येत नसे. आपलं नाव म्हणजे वरून कितवी ओळ एवढंच त्यांना ठाऊक. मग साजिदाने रंग आणले. दिवसाचा चौकोन हिरवा असेल तर सुट्टी. गुलाबी असेल तर लोडिंगच्या बाजूला जायचं. आणि नावाचाच चौकोन पिवळा असेल तर साडेबाराला जेवायचं, निळा असेल तर एकला. महिन्याभरात सगळ्या गोदामाला ही भाषा येऊ लागली. नवीन बाई आली की जुन्या बाया तिला दाराजवळच्या बोर्डापाशी नेत आणि बोट ठेवून सांगत, "ही तू. पिवळी हायस."

सुरुवातीला साजिदा एकेक चौकोन हाताने रंगवायची, त्यात तासभर जायचा. मग मोबाइलवर पाहून पाहून ती मॅक्रो शिकली. तिने 'नमुना' नावाची एक शीट करून ठेवली. त्यात नंबर नाहीत, फक्त रंग, रेघा आणि ठळक अक्षरं. एक बटण दाबलं की मॅक्रो नमुन्यातलं ते सगळं रूप उचलायचा आणि नव्या तक्त्यावर चढवायचा. नंबर नव्या आठवड्याचे राहायचे, रंग आपले नेहमीचे. बटणावर तिने लिहिलं होतं, 'रंग लावा'.

पहिल्या सोमवारी मात्र फजिती झाली. मॅक्रो रेकॉर्ड करताना तिचा कर्सर एक ओळ खाली होता, त्यामुळे सगळ्यांचे रंग एकेक ओळ खाली घसरले. हौसा नावाच्या बाईने बोर्डावर आपल्या ओळीत हिरवा पाहिला आणि पर्स उचलून चालती झाली. सुपरवायझर कुमार मागे धावला तर ती म्हणाली, "कागदावर सुट्टी हाय. कागद तुमचा, चूक तुमची. मी चालली." आणि खरंच गेली. त्या दिवसानंतर साजिदा बटण दाबल्यावर वरची तीन आणि खालची तीन नावं तपासायची. सहा वर्षांत पुन्हा चूक झाली नाही.

साजिदा सत्तेचाळीस वर्षांची होती. भिवंडीच्या निजामपुऱ्यात वडिलांच्या वेळेपासूनचं घर, खाली एके काळी कापड विणायचे चार लूम. ते लूम विकले तेव्हा घरात एवढी शांतता झाली की कित्येक दिवस तिच्या अम्मीचा दुपारी डोळा लागेना. आवाज असला की झोप येते, अशी त्या घराची सवय. साजिदा बी. कॉम. झाली, धाकटा भाऊ महमूद दोह्याला गेला, अम्मी आजारी पडली. आजारपण नऊ वर्षं चाललं. त्या नऊ वर्षांत साजिदाची दोन स्थळं येऊन गेली आणि मग यायची थांबली. तीन वर्षांपूर्वी अम्मी गेली. खालच्या जागेत आता कुणीतरी पुठ्ठ्याचे खोके ठेवतं. खोक्यांचा आवाज होत नाही.

ती मुळात कमी बोलणारी. केबिन काचेची, त्यामुळे ती सगळ्यांना दिसे आणि तिलाही सगळे दिसत, पण आत कुणी येई ते कागदासाठी. ड्रायव्हर यायचे, सही घ्यायचे, जायचे. पूर्वी जेवणही ती तिथेच उरकायची, एक हात डब्यात आणि एक माउसवर.

मग सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात केबिनचा पंखा बंद पडला आणि ती डबा घेऊन चार नंबरच्या डॉकच्या, म्हणजे माल चढवायच्या धक्क्याच्या, पायऱ्यांवर आली. तिथे पार्वती जेवत होती. स्टिकर लावणारी, जवळच्याच गावची आगरी बाई, साजिदाहून सात-आठ वर्षांनी मोठी. साजिदा कुठे बसावं म्हणून उभी राहिली तशी पार्वती म्हणाली, "बस गो. उभ्यानं जेवलीस तर सगळा पायात जाईल." साजिदा बसली. पार्वतीने तिच्या डब्यात डोकावून पाहिलं. "अय्यो! तुमच्यात पण तांदळाचीच भाकरी?"

"आमच्यात तर सकाळ-संध्याकाळ."

"दाखव बघू. पातळ हाय. कुणी केली?"

"मीच."

"बरी हाय," पार्वती म्हणाली, आणि न विचारता अर्धी मोडून घेतली. बदल्यात आपली सुकटीची चटणी तिच्या डब्याच्या झाकणावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त झाला. तरीही साजिदा पायऱ्यांवर गेली. पुढच्या सोमवारी तिने तक्त्याच्या शेवटी आपलं स्वतःचं नाव घातलं, ज्याची काही गरज नव्हती, आणि ते पिवळं केलं. पार्वतीचं नाव पिवळंच होतं.

तो अर्धा तास म्हणजे साजिदाच्या दिवसातलं बोलणं. बाकीच्या साडेतेवीस तासांत ती जे बोले ते कामाचं. पार्वती सांगायची ते घरचं. नवरा पंढरी अंबाडीच्या नाक्यावर बसून कसा जगाचे न्यायनिवाडे करतो, जावेने कसं तोंड वाकडं केलं, मुलगा कुणाल कंटेनर घेऊन कुठपर्यंत पोचला. गोदाम उभं होतं त्या जागी तिच्या सासरची भातखाचरं होती. "तुझी केबिन हाय ना, तिथं बांध होता," ती सांगे. "लावणीला कंबर मोडली का मी तिथं टेकायची. आता तू टेकतस." साजिदा फार काही सांगत नसे, पण पार्वती विचारत असे. काल काय केलंस, फोन आला का, औषध घेतलंस का. विचारणारं माणूस असलं की काल काहीतरी केलंच पाहिजे असं वाटतं. साजिदा केवळ दुसऱ्या दिवशी सांगायला काही असावं म्हणून संध्याकाळी बाजारातून चालून यायची.

दिवाळीनंतर कुणालची बायको दिशा गोदामात लागली. लग्नाला पाच महिने झालेले, शहापूरकडची, मान खाली घालून चालणारी मुलगी. परत आलेल्या मालाच्या लाइनवर तिला उभं केलं. ती लाइन एकला बंद होते, म्हणून साजिदाने नमुन्यात नवी ओळ घातली आणि दिशाचं नाव निळं केलं.

एकदा जेवताना पार्वती म्हणाली होती, "दिशा जेवत न्हाय गो."

"नवीन आहे," साजिदा म्हणाली होती. "होईल सवय." आणि महमूदच्या मुलीने, अलिजाने, कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळवल्याचं सांगायला लागली होती.

त्यानंतर पार्वती हळूहळू गप्प होत गेली. आधी साजिदाच्या लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं ते असं, की पार्वतीने तिच्या डब्यात डोकावणं सोडलं. आपली भाकरी आपण खायची, चूळ भरायची, आणि साडेबाराचे पावणेएक झाले की म्हणायची, "जाते. काम हाय." काम नसायचं. साजिदाला ते माहीत होतं, कारण कामाचा तक्ता तिच्याकडेच होता.

तिने एकदा विचारलं, "पार्वतीबाय, बरं नाही का?"

"मना काय धाड भरली?"

"रागावलीस का?"

"तुझ्यावर कशाला रागवू? तू मॅडम."

सहा वर्षांत पार्वतीने तिला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. साजिदा त्या संध्याकाळी शेअर रिक्षात भिवंडीला पोचेपर्यंत मागचे सगळे दिवस तपासत राहिली, आपण काय बोललो, काय करायचं राहिलं. काही सापडेना.

त्याच दिवसांत तक्त्याचं ते प्रकरण सुरू झालं. एका सोमवारी तिने पांढरा तक्ता उघडला तर त्यात एकच चौकोन निळा होता. एवढ्या पांढऱ्यात एक निळा, सदऱ्यावर शाईचा डाग पडावा तसा. पार्वतीच्या नावाचा. कुणाचं बोट चुकून लागलं असेल, असं समजून तिने 'रंग लावा' दाबलं. नमुन्यातले रंग सरसर तक्त्यावर उतरले, निळा गेला, पिवळा आला. पुढच्या सोमवारी पुन्हा तोच चौकोन निळा. आता ती चिडली. शनिवारी चारला ती निघे, त्यानंतर केबिनच्या संगणकावर कुमार आणि आणखी दोघे बसत. कुणीतरी खेळ करत होतं, आणि तोही नेमका त्या चौकोनाशी. तिने बटण दाबलं. निळा गेला याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली. पुढचा तक्ता आला तसा तिने त्या फाइलला पासवर्ड घातला.

त्या शनिवारी चारला ती पर्स घेऊन बाहेर पडली, तोच केबिनच्या संगणकावर बसलेल्या कुमारने तिला परत आत बोलावलं. तिशीतला, सतत घाईत असणारा, पण मनाने सरळ माणूस.

"मॅडम, शीट उघडत नाही."

"लॉक केली आहे. कोणीतरी रंग बिघडवतं."

"बिघडवत नाही कोणी. मी बदलतो."

साजिदाने पर्स परत टेबलावर ठेवली. "तू? आणि मला सांगायचं नाही?"

कुमार खुर्चीतून अवघडून उठला. "पार्वती मावशीनेच सांगितलं होतं, मॅडमला नको बोलू म्हणून. तिला एकची बॅच पाहिजे. ती दिशा जेवत नाही ना. बाकीच्या बायांचे आपापले घोळके, ही पाण्याच्या कूलरजवळ डबा मांडीवर घेऊन बसते आणि बंदच ठेवते. घरी गेल्यावर मावशी उघडून बघते तर डबा भरलेला. मावशी म्हणाली, मी बाजूला बसले तर दोन घास खाईल. स्टिकरवाल्यांना काय, साडेबारा काय नि एक काय. म्हणून मी शनिवारी निळा करून जातो. सोमवारी बोर्डावर बघावं तर पिवळाच."

"किती आठवडे झाले?"

"दोन झाले, हा तिसरा. पहिल्या वेळी मला वाटलं सेव्हच झालं नसेल. गेल्या सोमवारी मी म्हटलं, मावशी, मॅडमला सरळ विचारू का? तर म्हणाली, नको. राहू दे. साजिदाबायला नको असेल."

बाहेर कुठल्याशा ट्रकचा मागे येतानाचा बारीक आवाज सुरू होता.

"कुमार, मला माहीत नव्हतं रे. बटण दाबलं की नमुन्यातला रंग येतो. वर आधी काय आहे ते मॅक्रो बघत नाही."

"ते मला काय माहीत मॅडम," कुमार म्हणाला. "आम्हाला वाटलं तुम्ही बघता."

मग तिने ते सगळे मार्ग काढून पाहिले जे कोणीही काढून पाहील. दिशाला साडेबाराला आणता येईल का? कुमारने मान हलवली. परत मालाची लाइन पूर्ण थांबते तेव्हाच तिथली माणसं सुटतात, एकटीला सोडलं तर पट्टा अडतो. मग साजिदाच एकला जेवली तर? हे तिने मोठ्याने विचारलं नाही. एकला तिच्या खिडकीशी गाड्यांचे कागद येतात. एक ते दोन हा तिच्या दिवसातला सर्वांत गर्दीचा तास, आणि ती वेळ बदलणं तिच्या हातात नव्हतं.

"राहू दे मॅडम," कुमार म्हणाला. "मावशी दोन-चार दिवसांत विसरेल."

"पासवर्ड तुला देते," साजिदा म्हणाली. "पण तू बदलू नकोस. मी बघते."

रविवारी तिने घर धुतलं. चादरी धुतल्या. दुपारी महमूदचा फोन आला, चार मिनिटांचा.

"आपा, आवाज असा का येतोय तुझा?"

"सकाळपासून बोलले नाही ना कोणाशी, म्हणून."

तो हसला. त्याला वाटलं ती गंमत करते आहे. मग अलिजाला फोन दिला. "फुफी, तू काय करतेस?" तिने विचारलं. साजिदा म्हणाली, "काही नाही बाळा, बसले आहे." आणि ते खरंच होतं. ती स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून खाली बसली होती आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

सोमवारपर्यंत काहीही न करणं सोपं होतं, ही गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. तिने काही केलं नाही तर सकाळी बटण दाबल्यावर पार्वती आपोआप पिवळी होणार होती. कुणी तिला दोष देणार नव्हतं. मॅक्रोच तसा आहे. पार्वती साडेबाराला येईल, पायरीवर बसेल, भाकरी खाईल, आणि मागून एकला ती मुलगी कूलरजवळ बंद डबा मांडीवर घेऊन बसेल. बंद डबा मांडीवर घेऊन बसणं कसं असतं, ते साजिदाला कुणी सांगायची गरज नव्हती. दिशाच्या शेजारी येऊन बसायला निदान कुणीतरी तयार होतं.

सोमवारी ती सव्वासातलाच पोचली. पांढऱ्या तक्त्याकडे गेली नाही. तिथे निळा केला तर तो या आठवड्यापुरता, आणि तोही बटण दाबल्यावर पुसला जाणार. तिने नमुना उघडला. पार्वतीची ओळ वरून सतरावी. तिने दिशाच्या चौकोनातला निळा उचलला आणि त्याचं फक्त रूप सतराव्या ओळीत चिकटवलं. पेस्ट स्पेशल, फॉरमॅट. एका चौकोनाचं काम, मॅक्रोची गरज नाही. मग नव्या तक्त्यावर येऊन तिने 'रंग लावा' दाबलं. वरची तीन नावं पाहिली, खालची तीन पाहिली. सगळ्यांत खाली तिचं स्वतःचं, पिवळं. सतरावं पाहिलं. प्रिंट काढली आणि बोर्डाला स्वतः जाऊन लावली.

आठच्या बाया आल्या. पार्वती बोर्डापाशी आली, सवयीने बोट वरून खाली फिरवत थांबली, आणि बोट तिथेच राहिलं. मग ती सरळ केबिनच्या दारात आली. सहा वर्षांत ती केबिनमध्ये कधी आली नव्हती, आजही उंबऱ्याबाहेरच राहिली.

"आज निळी झाली मी."

"निळीच हवी होतीस ना?"

"कुमार बोलला वाटतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

"तू का नाही बोललीस, पार्वतीबाय?"

पार्वतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बोलायची होती. दोनदा बोलायला बसली. तुझा डबा उघडा, तू आपली बोलतस त्या दोह्याच्या पोरीचा कौतुक. तुना सांगू तरी कसा? सांगून उठून जाऊ? म्हटला कागदावर येईल, कागदाला कोण रागवत न्हाय."

"आणि कागदावर आलं नाही तर मी मुद्दाम करते असं वाटलं तुला?"

"वाटला खरा." तिने मान वर केली. "खोटा कशाला बोलू? मना वाटला, हिला कळलाय आणि ही गप पिवळा करते. राग आला. मग वाटला, करील बिचारी, तिला कोण हाय? मग अजून राग आला, माझाच मना."

"मी बघितलंच नव्हतं गं. बटण मागचे रंग आणून लावतं."

"मग त्या बटणाला सांग आता."

"सांगितलं."

पार्वती हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. जाता जाता वळून म्हणाली, "रविवारी घरी ये. पंढरी मासळी आणतो. दिशाला पण तुझी भाकरी दाखव, तिची जाड होते."

"येईन," साजिदा म्हणाली. पार्वतीचं घर, माणसं, सून, नवरा, हे सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि आपण तिथे कुठे बसू हे काही दिसेना. पण येईन म्हणाली.

साडेबाराला ती डबा घेऊन चार नंबरच्या पायऱ्यांवर गेली. केबिनमध्ये जेवायचं नाही एवढं तिने सकाळीच ठरवलं होतं. खालच्या पायरीवर हौसा आणि दोघी-तिघी बसल्या होत्या. हौसाने विचारलं, "आज एकट्याच?" साजिदा म्हणाली, "हो." त्यांनी जरा सरकून जागा केली, मग आपापसातलं बोलणं पुढे चालू केलं, कुणाच्या तरी दिराच्या हळदीचं. साजिदा भाकरी खात ऐकत राहिली. त्यातली कुठलीच माणसं तिला माहीत नव्हती. जेवण दहा मिनिटांत संपलं. बोलणं नसलं की जेवायला एवढाच वेळ लागतो हे ती विसरली होती. उरलेल्या वीस मिनिटांत तिने डबा दोनदा धुतला.

एकला खिडकीशी गाड्यांची रांग लागली. सही, शिक्का, पुढचा. मधेच काचेतून तिची नजर पायऱ्यांकडे गेली. पार्वती बसली होती आणि तिच्या शेजारी दिशा, दोघींचे गुडघे लागलेले. डबा उघडा होता. पार्वती काहीतरी जोरात सांगत होती, हातवारे करत, आणि सांगता सांगता सुनेच्या डब्यात वाकून पाहत होती. मुलीने तोंडावर हात घेतला. हसत होती बहुतेक. काचेमुळे आवाज येत नव्हता.

साजिदा बघत राहिली, आवश्यक होतं त्यापेक्षा थोडं जास्त.

"मॅडम," खिडकीतल्या ड्रायव्हरने कागद पुढे सरकवत विचारलं, "खाना हो गया आपका?"

"हो गया," साजिदा म्हणाली, आणि त्याचा गाडी नंबर लिहून घ्यायला लागली.